सेफ्टीचं सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी तुमचा माणूस बोलतोय का बघा



आज विषय जरा वेगळा आहे. नवी पेठेत इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारा माणूस कंपन्यांच्या खाजगी विमानांवर का लिहायला लागला, असं तुम्हाला वाटेल. सांगतो.

९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचंही झालं. तेव्हापासून आमच्या ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी जण "सर, एव्हिएशनमध्ये काहीतरी करायचंय" म्हणतोच. बहुतेकांच्या डोक्यात तिकीट एजन्सी नाहीतर एअरपोर्टची टॅक्सी असते. त्यात वाईट काही नाही. पण मागच्या बॅचला एक मुलगा आला, मूळचा अक्कलकोटकडचा, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. त्याचं काम असं की ज्या मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची विमानं आहेत, त्यांच्या विमान विभागात सेफ्टी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं. आता त्याला नोकरी सोडून सोलापुरात यायचंय आणि तेच सॉफ्टवेअर सोपं करून एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटना, गोडाऊनवाल्यांना आणि माझ्यासारख्या दुकानदारांना विकायचंय.

"सर, प्लॅन बघून सांगा, चालेल का?"

दोन संध्याकाळ बसून त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, मग स्वतःही वाचलं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: माल चांगला आहे, विकायचा क्रम चुकलाय. हे मी उगाच म्हणत नाही. तीच चूक मी स्वतःच्या दुकानात पैसे देऊन केलेली आहे.

आधी विमान विभाग म्हणजे काय ते बघू. मोठी एअरलाइन डोळ्यासमोर आणू नका. कंपनीच्या मालकाला, डायरेक्टरांना फिरायला एक-दोन विमानं, चार-सहा पायलट, दोन-तीन इंजिनिअर, वेळापत्रक बघणारा एक जण. झाली दहा-बारा माणसं. म्हणजे आपल्याच एखाद्या बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानाएवढा स्टाफ. आणि दुकानात असतं तेच दुखणं तिथेही आहे. पगार देणारे शेठ, गिऱ्हाईक शेठ आणि मागच्या सीटवर बसलेले प्रवासीही शेठच. चार वाजता मुंबईत मीटिंग आहे, वर ढग भरून आलेत. "साहेब, आज नको" हे कोणी म्हणायचं?

म्हणून या क्षेत्रात एसएमएस नावाची पद्धत आली. मोबाईलचा मेसेज नव्हे, सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम. खाजगी विमानवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये आयएस-बाओ नावाचं मानक काढलं, त्यात ही पद्धत आहे. पुढे २०१३ मध्ये आयकाओने, म्हणजे विमानवाहतुकीच्या जागतिक संस्थेने, सेफ्टी मॅनेजमेंटसाठी वेगळं परिशिष्टच लागू केलं, एकोणिसावं. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांतही एसएमएस आहे. चार खांब सांगतात: धोरण, जोखमीचा हिशोब, केलेलं काम खरंच होतंय का याची तपासणी, आणि माणसांना शिकवणं. धोरणावर सही वरच्या माणसाचीच लागते. मॅनेजरवर ढकलता येत नाही. हे मला फार आवडलं.

धोका आणि जोखीम यातला फरक सोलापूरकरांना वेगळा शिकवायला नको. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी आठवा, सुमारे ९० मीटर उंच. चिमणी म्हणजे धोका. त्या चिमणीजवळून विमान किती वेळा, कोणत्या हवेत, किती उंचीवरून जाणार आणि धडकलं तर काय होणार, हा हिशोब म्हणजे जोखीम. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. ती पाडावी की नाही यावरून गावात किती वर्षं रण पेटलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात मी जात नाही. मुद्दा एवढाच, की चिमणी सगळ्यांना दिसत होती. दुकानातली 'चिमणी' एकालाच दिसत असते, आणि तो बोलत नसतो.

आता माझी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दुकानातला पोरगा शिडीवरून पडला. वरच्या रॅकमधून वायरचं बंडल काढत होता, शिडीची पायरी निसटली, मनगट मोडलं. दवाखाना, प्लास्टर, दीड महिना घरी. खर्च मी केला, पगारही दिला, आणि मला वाटलं माझं कर्तव्य संपलं. तो परत आल्यावर सहज विचारलं, "काय रे, पायरी आधीच ढिली होती का?" म्हणाला, "हो मालक, वीस-पंचवीस दिवस झाले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो गप्प. शेवटी जुना माणूस बोलला: "मालक, मागे त्यानं ड्रिल मशीनची वायर कापली गेल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही गिऱ्हाईकासमोर त्याला झापलं होतं. पगारातून कापीन म्हणालात."

मला ते आठवतही नव्हतं. त्याच्या मात्र डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यावर मी काय केलं? बीबीए झालेल्या माणसानं करावं तेच. एक ॲप घेतलं! वर्षाला सहा हजार रुपये. रोज सकाळी चेकलिस्ट: शिडी, वायरिंग, फायर एक्स्टिंग्विशर, गोडाऊनचा रस्ता. मोबाईलवर टिक करायची, संध्याकाळी मला हिरवा रिपोर्ट. तीन महिने रोज हिरवा रिपोर्ट बघून मी खूष. एका व्हिडिओत तर मी ते ॲप कौतुकाने दाखवलंही होतं, जुने प्रेक्षक असाल तर आठवत असेल.

मग एके दिवशी झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मालक, गोडाऊनमधल्या त्या बटणाला जळका वास येतोय, लई दिवस झाले." जाऊन बघितलं तर स्विचबोर्डाचं प्लॅस्टिक मागून काळं पडलेलं. खाली पुठ्ठ्याचे बॉक्स. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराचं गोडाऊन, बरं का! आणि ॲपवर त्या सगळ्या दिवसांत 'वायरिंग' समोर हिरवी टिक. पोरं शटर उघडायच्या आधी, चहा पिता पिता सगळं टिक करून मोकळी होत होती. मावशींचं नावच ॲपमध्ये नव्हतं. म्हणूनच बहुतेक त्या बोलल्या.

ही माझ्या दुकानाची फजिती आहे, असं मला बरेच दिवस वाटायचं. त्या मुलाने मला अमेरिकेतला एक अपघात सांगितला तेव्हा कळलं, की कोट्यवधींची विमानं चालवणारेही यात सापडलेत.

३१ मे २०१४. मॅसॅच्युसेट्समधलं बेडफर्ड गाव, रात्रीची वेळ. गल्फस्ट्रीम फोर हे खाजगी जेट, आत सात माणसं. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटी-पंखांचे हलते भाग आपटू नयेत म्हणून एक लॉक असतं, गस्ट लॉक. उड्डाणाआधी ते काढायचं. आणि ते निघालंय का हे कळावं म्हणून सगळी नियंत्रणं एकदा पूर्ण फिरवून बघायची. काही सेकंदांचं काम. त्या रात्री लॉक काढलं गेलं नाही आणि फिरवूनही बघितलं नाही. विमान धावपट्टीवर पळालं, उचललंच नाही, पुढे जाऊन नाल्यात कोसळलं आणि पेटलं. सातही जण गेले.

पायलट नवशिके होते का? नाही. दोघे अनुभवी, कित्येक वर्षं एकत्र उडत होते. विभाग ढिसाळ होता का? कागदावर तरी नाही. आयएस-बाओचं ऑडिट झालेलं, एसएमएस होती. मग तपास करणाऱ्यांनी विमानातल्या रेकॉर्डरची माहिती काढली. आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांत ती तपासणी पूर्ण केलेलीच नव्हती.

ही माहिती विमानातच होती. १७५ वेळा साठली होती. उघडून बघितली ती अपघातानंतर.

हे दोनच पायलट असे होते म्हणावं तर तेही नाही. नंतर तिथल्या खाजगी विमानवाल्यांच्या संघटनेने २०१३ ते २०१५ मधल्या १,४३,७५६ उड्डाणांची माहिती तपासली. जवळपास १८ टक्क्यांत ती तपासणी अर्धवट होती किंवा झालीच नव्हती. वाईट माणसं म्हणून नव्हे. रोज करतो, रोज ठीक असतं, मग हळूहळू हात आखडतो. तुमच्या दुकानात शटर बंद करताना मेन स्विच रोज कोण बघतं?

आता सॉफ्टवेअरच्या मुद्द्याला येतो, कारण मी सॉफ्टवेअरच्या विरोधात आहे असं समजू नका. विमान विभागात साधारण तीन वेगवेगळे हिशोब चालतात. कोण कधी उडणार याचं वेळापत्रक एका सॉफ्टवेअरमध्ये. विमानाची दुरुस्ती, कोणता पार्ट कधी बदलायचा, हे दुसऱ्यात. आणि सेफ्टीचे रिपोर्ट तिसऱ्यात, नाहीतर फाइलमध्ये. माणूस तोच, पण एकच गोष्ट त्याला तीन ठिकाणी भरायची. बारा तासांची ड्यूटी करून आलेला पायलट रात्री हॉटेलवर तोच प्रसंग परत परत टाइप करत बसेल? दोनदा करेल, तिसऱ्यांदा 'सर्व ठीक'.

त्या मुलाचं खरं काम इथे आहे. ते तीन हिशोब एकमेकांना जोडायचे. त्याने दिलेलं उदाहरण मला पटलं. उड्डाणाआधी पायलटला जोखमीचा एक फॉर्म भरावा लागतो. रात्रीचं उतरणं आहे का, हवा कशी, धावपट्टी छोटी आहे का, पायलट किती तास जागा आहे, या विमानतळावर आधी गेलाय का. प्रत्येकाला गुण. बेरीज कमी असेल तर निघा, मधली असेल तर चीफ पायलटशी बोला, जास्त असेल तर थांबा. पायलटने हाताने भरला तर महिन्याभरात त्याला कळतं, की कोणत्या उत्तराने बेरीज हिरव्यात राहते. (आपली पोरं स्टॉकच्या वहीत हेच करतात!) जोडलेलं असेल तर ड्यूटीचे तास वेळापत्रकातून आपोआप येतात, बाकी राहिलेली दुरुस्ती मेंटेनन्समधून येते, हवामान बाहेरून येतं. पायलटने फक्त त्यालाच माहीत असलेलं सांगायचं: आज झोप झाली नाही, घरी आजारपण आहे.

आणि दुसरी जोडणी याहून महत्त्वाची, रिपोर्टपासून कामापर्यंतची. पायलटने लिहिलं की अमुक विमानतळावर धावपट्टीजवळ कुत्री फिरतात. ते कोणाकडे गेलं, त्याने काय ठरवलं, कधीपर्यंत करणार, झालं का, आणि लिहिणाऱ्याला ते कळवलं का? ही साखळी शेवटपर्यंत गेली तर तो माणूस दुसरा रिपोर्ट लिहितो. 'धन्यवाद, नोंद घेतली' एवढंच आलं, तर नाही लिहीत. आपण महापालिकेत तक्रार करतो तेव्हा आपलंही तसंच होतं ना?

एक अडचण मात्र कुठलंच सॉफ्टवेअर सोडवत नाही. हे मी त्या मुलाला तोंडावर सांगितलं. "नाव गुप्त ठेवून रिपोर्ट करा" असं बटण प्रत्येक ॲपमध्ये असतं. चार पायलट असलेल्या ठिकाणी काय गुप्त राहणार? मंगळवारी रात्री त्या विमानात कोण होतं हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या दुकानात पाच जण आहेत. मराठीत दोन चुका केल्या तरी अक्षरावरून, भाषेवरून ओळखतो. अमेरिकेत यावर १९७६ पासून एक तोडगा आहे. पायलटचा रिपोर्ट दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जातो. नासा नाव काढून टाकते. आणि नकळत झालेली चूक दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर सहसा दंडातून सूट मिळते. छोट्या दुकानाला कुठली आलीय नासा? तिथे मालकाचा शब्द हाच कायदा. तो एकदा मोडला की ॲप कितीही भारी असू दे.

याचा अर्थ सगळं माफ, असाही नाही. गोडाऊनमध्ये बिडी ओढणाऱ्याला मी आजही बाहेर काढीन, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. चुकून हात सुटला आणि माहीत असून केलं, यात फरक करायचा. विमानवालेही तोच करतात. तो फरक आधी सांगून ठेवायचा, राग आल्यावर ठरवायचा नाही.

स्विचबोर्डाच्या प्रकारानंतर मी ॲपचे पैसे पुढच्या वर्षी भरले नाहीत. काउंटरच्या आत एक दोनशे पानी वही दोरीने टांगली. नियम दोन. लिहिलं म्हणून बोलणी नाहीत, पगार कापणं नाही. आणि दोन दिवसांत मी माझ्या हाताने उत्तर लिहिणार: करतो, किंवा आत्ता पैसे नाहीत म्हणून पुढच्या महिन्यात. पहिली नोंद मी माझीच केली. घाईत गिऱ्हाईकाला कमी क्षमतेचा एमसीबी दिला होता, दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आलो, ते लिहिलं. तरी दोन आठवडे वही कोरीच. मग एक ओळ आली: "माळ्यावरचा बल्ब गेलाय, अंधारात बॉक्स काढतो." त्याच दिवशी बल्ब बदलला. इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्बला काय कमी! त्यानंतर नोंदी यायला लागल्या. आमचा एक जण तेलुगू बोलणारा आहे, मराठी लिहायला लाजतो. त्याला सांगितलं, व्हॉइस मेसेज टाक, तेलुगूत टाकलास तरी चालेल, शेजारच्याकडून समजून घेईन. सगळ्यात जास्त कामाच्या गोष्टी त्याच्याकडून येतात. इंग्रजी ॲपवर तो तीन महिने नुसती टिक करत होता.

अजूनही मी चुकतो. दिवाळीच्या गर्दीत एकावर ओरडलो, आणि पुढचे वीस दिवस वही कोरी राहिली. कोरी वही दिसली की आता मला भीती वाटते. पूर्वी हिरवा रिपोर्ट बघून बरं वाटायचं.

त्या मुलाला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, वही विकून माझं पोट कसं भरणार?" प्रश्न बरोबर आहे. त्यावर मी त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यातल्या अनेकांना कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर विकायचंय.

एकाच छताखाली पाच माणसं असतील तर वही पुरते. पण दोन-तीन शेड, दोन पाळ्या, चाळीस-पन्नास कामगार झाले की वही अपुरी पडते. रात्रपाळीतल्या माणसाने लिहिलेलं दिवसपाळीच्या सुपरवायझरला कळत नाही. एकाच मशीनची तक्रार सहा महिन्यांत चार वेळा आलीय, हे पानं उलटून दिसत नाही. फायर एक्स्टिंग्विशर भरायची तारीख, वायरिंग तपासल्याची तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. इथे सॉफ्टवेअर पैसे वसूल करून देतं. तेव्हा गिऱ्हाईक म्हणून दुकानदार पकडू नको, हे युनिट पकड. पहिले दोन महिने सॉफ्टवेअर विकूच नको. मालकाकडे बसून वही सुरू करून दे, त्याची फी घे. वहीत नोंदी यायला लागल्या तरच पुढे सॉफ्टवेअर बसव, आणि त्यांच्या हजेरीला, मेंटेनन्सच्या रजिस्टरला जोडून बसव, म्हणजे एक गोष्ट एकदाच भरायची. वही कोरी राहिली तर सरळ सांग, "मालक, तुमच्याकडे हे आत्ता चालणार नाही," आणि उठून ये. एक गिऱ्हाईक जाईल, पण हिरव्या टिकांचं मशीन विकल्याचं पाप लागणार नाही.

त्याला हे कडू लागलं. गुंतवणूक करणाऱ्याला 'पहिले दोन महिने विक्री नाही' असं कसं दाखवायचं, असं म्हणाला. मी म्हटलं, मग गुंतवणूकदार घेऊ नको, पुण्याचा पगार अजून वर्षभर चालू ठेव.

मी एवढा आग्रह का धरतो? १८ मे २०२५ ची पहाट सोलापुरात कोणी विसरलेलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाच्या घरची माणसं आणि कामगार. तिथे काय झालं, कोणाचं चुकलं, हे सांगायचा मला अधिकार नाही आणि मी सांगणारही नाही. पण त्या आठवड्यात माझ्या दुकानात एमसीबी, ईएलसीबी आणि वायर घ्यायला युनिटवाल्यांची रांग होती. मी प्रत्येकाला विचारत होतो, "कुठला बोर्ड गरम होतो, तुमच्या कामगाराला विचारलंत का?" बहुतेकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यांना काय कळतंय?"

कळतं हो. माझ्या मावशींना कळलं होतं.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत मी ती वही उघडून दाखवणार आहे, नावं झाकून. माझी उत्तरं मात्र झाकणार नाही, त्यातली दोन-तीन अजून 'करतो' वरच अडकलेली आहेत. शिडी नवीन घेतली का, असं अनेकजण विचारतील, म्हणून आत्ताच सांगतो: घेतली, ॲल्युमिनियमची.